पहिली मूठ

पण मास्तर, मला एवढंच सांगा — शास्त्रात लिहिलंय ते आमच्या दादाबद्दलच लिहिलंय, हे या लोकांना सांगितलं कोणी? पाळकांना विचारलं, तर म्हणाले प्रार्थना कर. मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, तो विजेच्या खांबावरून पडून गेला तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मला म्हणे प्रार्थना कर — बसा हो तुम्ही, टेका इथे चर्चच्या पायरीवर. तुमचं शिलाईचं दुकान आहे का हे, कापड बेतत उभं राहायला?

आत पंच बसलेत, दादानेच लावलेल्या पंख्याखाली. एक जण बोट ठेवून वाचतोय — पुरुषाने पुरुषाबरोबर नाही, स्वच्छ लिहिलंय म्हणे. तर त्यांच्यातलेच चष्मेवाले म्हणाले, अहो, पुढच्या पानावर दाढी कापू नका असंही आहे, तुमची एवढी गुळगुळीत कशी? मी दारातच हसलो, मास्तर. आणि मग वाटलं, हसतोय कशाला? मी चौथी नापास, यातलं कुठलं पाळायचं नि कुठलं सोडायचं, मला काय कळणार? खरंच असलं तर? दादा आत्ता कुठे असेल मग? — तुम्हाला नाही वाटत भीती? मला वाटते. डोळे मिटले की तो हाक मारतो, आणि मी जायला घाबरतो.

आईच्या कबरीशेजारी नको म्हणतात, कुंपणाबाहेर पुरा. आणि तुम्ही तर दफनभूमीच्या फाटकाच्या आतच यायचं नाही. भाडेकरू म्हणे. एका ताटात जेवणारा भाडेकरू! — पण नियम त्यांचाच ना? मातीची पहिली मूठ जोडीदाराने टाकायची, आणि माती पडली की पेटी वर काढायची नाही. मागे दोन म्हाताऱ्यांच्या कबरी चुकून बदलल्या, तशाच ठेवल्या की.

काय? — हां, तो आवाज. दार ठोकतायत. बाहेरून कडी मी घातली. विचार कुठला, हात गेला. — पाळक? तेही आतच.

दादाची वायरमन पोरं पेटी घेऊन आईपाशी थांबलीत, तुमच्यासाठी. खड्डा तयार आहे. — नाही, मी नाही येत. कडी जुनी आहे, निघेल. कुणीतरी बसायला हवं इथे. भीती वाटते म्हणून तर सांगतोय, चला, उठा. मूठभरच टाका, पुढचं पोरं बघतील. मास्तर, उठा म्हणतो ना. हे बघा, मी दाराला पाठ लावली. जा.