पुस्तकाच्या पाठीला टेकवलेला गाल

...नाही, पण मुळात सल्लागार म्हणजे कोण? ज्याला विचारावं, आणि ज्यानं विचारलं तेवढ्याचंच खरं उत्तर द्यावं, तो. आणि आम्ही विचारलं होतं काय? पुस्तकांची पानं का सुटतात, एवढंच! आमचा बांधणीचा कारखाना, यंदा तीनदा माल परत आला, पुठ्ठा एकीकडे नि पानं दुसरीकडे, म्हणून मालकांनी हे गृहस्थ आणले, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच दिवशी मला म्हणतात, “काका, तुमची खुर्ची खिडकीकडे तोंड करून का?” आता आम्ही विचारलं होतं काय?

पंधरा दिवस त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, आमच्या चहाला घड्याळ लावलं, आणि मग गेले मावशींकडे. मावशी म्हणजे तीस वर्षं शिकंज्यापाशी, पुस्तकं दाबायच्या यंत्रापाशी, उभ्या राहिलेल्या बाई. खळ लावून दाबून ठेवलेल्या पुस्तकाच्या पाठीला त्या गाल टेकवतात, डोळे मिटतात... गार लागलं तर आत ओल आहे, राहू दे. नाही लागलं तर काढा. हातांना कळत नाही म्हणतात, हातांचे पार दगड झालेत.

मावशींनी तर त्यांना एका वाक्यात उत्तर दिलं. “पुस्तकं ओली असतानाच मालक उचलून नेतात, दादा. लिहा की वहीत.” लिहिलं? ज्यानं बोलावलं त्याचीच चूक कोण लिहील! अहवालात आलं ते असं : ‘एक महिला कामगार कामाच्या वेळेत पुस्तकांवर डोकं ठेवून झोपते.’ आम्ही विचारलं होतं काय, आणि उत्तर काय!

मावशी घरी. मी मालकांपुढे उभा राहिलो, म्हटलं, अहो, ती झोप नव्हे, पारख आहे. मालक म्हणतात, “डोळे मिटले होते की नाही?” मिटले होते. खोटं कसं बोलू?

आता लोक सांगत सुटलेत, की मालकांना पश्चात्ताप झाला आणि मावशी सन्मानानं परतल्या. साफ चूक. चौथ्यांदा माल परत आला तेव्हा मालकांनी फोन केला, एवढंच खरं. मावशींनी विचारलं, “कशाला येऊ? झोपायला?” आणि फोन ठेवला. तेव्हापासून शिकंज्यापाशी मी असतो. गाल टेकवतो, डोळे मिटतो, आणि अजून मला काडीचं कळत नाही... आणि काल डोळे उघडले, तर दारात सल्लागार. वहीत काहीतरी लिहीत होते.