जिन्यावरचे तीन ठोके

बायडाबाई : म्हंजे ह्येच्यावर माणसं नाचत्यात?

प्रसेनजीत : होय, काकू.

बायडाबाई : माझ्या उलथन्यावर?

प्रसेनजीत : नुसत्या उलथन्यावर नाही. ड्रम असतात, खाली बेस असतो. मध्येच तो एक ठोका येतो.

बायडाबाई : मधीच म्हणू नगंस. मी कुणाच्या मधी आले न्हवते. जेवायची येळ टळून गेलती.

दादासो : किती माणसं नाचत्यात?

प्रसेनजीत : गेल्या महिन्यात पोलंडला दोन हजार होती, काका.

दादासो : दोन हजार. आन् ह्या घरात हिनं हाक मारल्यावर दोन माणसं कधी येळंवर आली न्हाईत.

प्रसेनजीत : पण तुम्हाला कळलं कसं? मी तर कधी सांगितलं नव्हतं.

बायडाबाई : सांगितलं न्हाईस म्हणूनच इचारतोय. मे महिन्यात संघप्रिया आलती पुण्यास्नं. आपल्या सूरजदादाचा दोस्त मोठा झालाय म्हणली, तुझ्या गाण्यांची शीडी भरून आणलती. लावली. पयल्यांदा नुसता भूकंप. ह्ये उठून गॅस बंद करून आले.

दादासो : खबरदारी म्हणून.

बायडाबाई : आन् मग टण्ण. मी भाकरी थापत होते, हात तसाच ऱ्हायला. उलथनं माझ्याफुडं परातीत. जिना दारात, तिथं कोण न्हाय. मग ठोकतंय कोण? परत टण्ण. परत टण्ण. पोरगी म्हणती, आई, भाकरी जळाली.

दादासो : मी झांज वळखली. माझी हाय की ती. फौंड्रीतल्या लेथवर पितळंचा पत्रा फिरवून केलती, जेवणाच्या सुट्टीत. सुपरवायझर म्हणला, काय करतोस? म्हणलं, कंपनीचंच झाकण हाय.

प्रसेनजीत : काका, त्या झांजेबद्दल मला बाहेरून पत्रं येतात. कुठल्या कंपनीची, कुठं मिळेल. असा आवाज दुसरीकडं ऐकला नाही म्हणतात.

दादासो : कसा ऐकतील? वाकडी झालती ती. तू काय कळवलंस?

प्रसेनजीत : कळवलं, उद्यमनगर, कोल्हापूर.

दादासो : बरं केलंस. मला आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, एवढं कळवायला पायजे हुतंस.

बायडाबाई : चेष्टा पुरं करा. आरं, पण तुमचं आदीचं ह्ये न्हवतं की. तवा तुमी केस झटकून वरडत हुतासा.

प्रसेनजीत : ते मेटल होतं, काकू.

दादासो : मी तीस वर्षं मेटल वतलं. कधी वरडलो न्हाय.

बायडाबाई : पायावर रस सांडला तवा वरडलासा.

दादासो : त्ये एकदाच. ह्येंनी आमच्या माळ्यावर त्येचा बँड काढला. आन् नाव काय, तर ‘भट्टी’. भिंतीवर पाटी लावली, आन् हप्त्यात दोनदा पोलीस येऊन माळ्यावर वास घेऊन गेलं. दारू न्हाय म्हणल्यावर चेहरा पडायचा त्येंचा.

प्रसेनजीत : सूरज गेल्यावर भट्टी संपलीच की. तीन ड्रमर बघितले. एकापेक्षा एक चांगले होते. पण मी गिटार वाजवायला लागलो की मला कळायचं, हा पुढच्या मात्रेला कुठं जाणार. सूरजचं कधी कळायचं नाही. मग पुण्याला गेलो. एका स्टुडिओत जाहिरातींचा आवाज नीट करायचं काम होतं. पापडाचा कुर्रर्र, चपलेचा चट्क. तिथं कॉम्प्युटरवर आवाज कापायला शिकलो. एके दिवशी माळ्यावरची आपली जुनी कॅसेट त्यात घातली. आठ सेकंद सूरजचे कापून घेतले. त्याची दोन टोकं जोडली, आणि वेग वाढवला.

दादासो : किती?

प्रसेनजीत : मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके.

दादासो : माझ्या छातीचं एकशे दहा झालतं तर सीपीआर दवाखान्यात चार दिवस ठेवून घेतलं.

प्रसेनजीत : त्याखाली गिटार घातली, पण इतकी जाड करून की ती गिटार वाटू नये. ट्रकचं इंजिन वाटावं. ती सीडी इंग्लंडला पाठवली. त्यांनी छापली. आजपर्यंत चौदा रेकॉर्ड झाल्या काकू, दोन हजार दोनपासून. चौदाच्या चौदा त्याच आठ सेकंदांवर उभ्या आहेत.

बायडाबाई : आठच का घेतलंस?

प्रसेनजीत : आठव्या सेकंदाला तुमचा ठोका पडतो. त्यानंतर सूरज वाजवायचा थांबतो.

बायडाबाई : म्हणून तू त्येला थांबूच देत न्हाईस.

प्रसेनजीत : ठोका पडला की परत पहिल्यापासून सुरू होतो तो.

बायडाबाई : तुला ठावं हाय माझी रीत. वर तुमचा दंगा, हाक ऐकू जाईत न्हाय. म्हणून उलथन्यानं जिन्याच्या लोखंडावर ठोकायची. तीनदा. तिसऱ्याला आला न्हाय तर ताट घिऊन मी वर. तुझ्या शीडीत काय हुतंय? पयला ठोका. मग परत पयला. मग परत पयला. त्यो गेल्यापास्नं अकरा वर्षं मी जिन्याखाली हुभी, आन् तिसरा काय येत न्हाय.

दादासो : मलाबी आता हात लावून उठवत्या जेवायला. त्या दिसापास्नं उलथनं वाजवलं न्हाय हिनं.

प्रसेनजीत : मलाही ऐकू येतो तो पहिला ठोका, काकू. म्हणूनच आलोय. पंधरावी रेकॉर्ड त्याशिवाय करायची म्हणून सगळे आवाज नवे घेतले. ठोका काढला, झांज काढली, सूरजलाच काढला. तरी बरोबर आठव्या सेकंदाला येतो. मशीनवर रेघ सपाट असते आणि कानात येतो. मागल्या महिन्यात हॉटेलात झोपलो होतो दुपारचा. ठोका पडला. उठून दार उघडलं.

दादासो : कोण हुतं?

प्रसेनजीत : कोण नव्हतं.

दादासो : मग लावून घ्यायचं दार.

प्रसेनजीत : नाही लावलं. जाऊन जिना बघून आलो. सिमेंटचा होता.

बायडाबाई : मग आता काय म्हणणं हाय तुझं?

प्रसेनजीत : ही कॅसेट. तुमच्याकडं ठेवून जावी म्हटलं. मूळची आहे, पूर्ण. माझ्याकडं नको.

बायडाबाई : पुरी हाय? म्हंजे ठोक्याच्या फुडचंबी?

प्रसेनजीत : आहे.

बायडाबाई : सूरज बोलतोय त्यात?

प्रसेनजीत : बोलतोय.

बायडाबाई : आन् अकरा वर्षं तुझ्या खिशात ठेवलीस?

प्रसेनजीत : काकू, लावू नका. मी गेल्यावर लावा.

बायडाबाई : का?

दादासो : टेपरेकॉर्डर फळीवर हाय. मी काढतो.

प्रसेनजीत : काका, थांबा जरा.

बायडाबाई : तुला एक इचारायचंय. खरं सांग. त्या दिवशी गडहिंग्लजला कॉलेजच्या गॅदरिंगला निघालासा. तू टेंपोतनं सामान घिऊन फुडं, त्यो मोटारसायकलवर मागनं. उसाच्या ट्रॉलीला लाल दिवा न्हवता, त्यात कुणाचा काय दोष. पण दिवसकार्याला तू ह्याच जाग्यावर बसून मला म्हणलास, काकू, सूरज आमच्यात जेवून निघालता. पोटभर. म्हणलास का न्हाय?

प्रसेनजीत : म्हटलं होतं.

बायडाबाई : जेवला हुता?

प्रसेनजीत : नाही.

बायडाबाई : काय?

प्रसेनजीत : नाही जेवला, काकू. उपाशी गेला असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्ही घास गिळत नव्हता तेव्हा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो.

बायडाबाई : बरं? आरं, त्या दिवशी सकाळी मी त्येला काय म्हणलते ठावं हाय तुला? डबडी बडवून पोट भरत असंल तर माझ्यात जेवायला येऊ नगंस, असं म्हणलते. तोंडावर. दुपारी तीनदा ठोकलं, आला न्हाय. म्हणलं, रागावलाय, असू दे. उतरंल राग म्हणून गल्लीत बारशाला गेले. आन् मग तू सांगितलंस, त्यो तुमच्यात जेवला. माझं अन्न सोडून तुमच्यात जाऊन जेवला. माझा शबुद खरा करून गेला.

दादासो : ह्ये तू मला कधी बोलली न्हाईस.

बायडाबाई : काय बोलायचं? तुमी त्येला झांज करून दिलासा. मी ह्ये दिलं.

प्रसेनजीत : काकू... काका, लावा कॅसेट.

(कॅसेट सुरू होते. खरखर, मग ड्रम. मग लोखंडावर एक ठोका, आणि ड्रम थांबतात.)

सूरजचा आवाज : झाला एक नंबर. चला, जेवूया.

प्रसेनजीतचा आवाज : ए, थांबलास का? लय भारी चाललंतं. परत घे.

सूरजचा आवाज : चार वाजलं. भूक लागलीया. वांगं केलंय, वास आलाय वरपतोर.

प्रसेनजीतचा आवाज : सकाळी तर जेवायला येऊ नगंस म्हणत हुती तुला.

सूरजचा आवाज : व्हय, आन् सकाळीच बाजारातनं वांगी आणल्यात. तिचं तसंच असतंय. हे बघ, ठोकली. दोन.

प्रसेनजीतचा आवाज : एकदाच घे रं. एकदाच. मग जेव.

सूरजचा आवाज : तुझं एकदाच लय लांबतंय. अंधार पडंल वाटंत. मोटारसायकलचा दिवा मिणमिण करतोय माझ्या.

प्रसेनजीतचा आवाज : काय हुत न्हाय. एकदाच.

सूरजचा आवाज : झाले बघ तीन. आता येती ताट घिऊन. ए आईऽ! आल्यावर जेवतो गं! झाकून ठेव! ...ऐकलं नसंल तिनं. चल, धर.

दादासो : बंद करू का?

बायडाबाई : ऱ्हाऊ दे थोडं. वाजवू दे त्येला.

दादासो : ही झांज. ऐक. वाकडीच हाय.

बायडाबाई : किती वाजवलं रं ह्येच्या फुडं?

प्रसेनजीत : दीड तास. अजून एकदा, अजून एकदा करत. साडेपाचला निघालो. चारलाच निघायचं ठरलं होतं, काकू. उजेडात पोचला असता. म्हणून ही कॅसेट कुणाला दिली नाही. त्यात माझा आवाज आहे.

बायडाबाई : व्हय. पोचला असता.

दादासो : बायडा.

बायडाबाई : मी काय खोटं बोलले? पोचला असता म्हणलं. जेवूनबी गेला असता.

प्रसेनजीत : मी निघतो.

बायडाबाई : बस खाली. मी जा म्हणलंय का तुला? माझा पोरगा माझ्यावर रागावून गेला न्हाय, ह्ये मला आज कळलं. आन् ह्ये तुझ्या खिशात हुतं. दोन्ही गोष्टी ऱ्हाणार आता. बस.

दादासो : बस बाबा. उभा ऱ्हायलास तर ती परत तसंच म्हणंल.

प्रसेनजीत : पंधराव्या रेकॉर्डमध्ये तो ठोका नसेल, काकू. कबूल.

बायडाबाई : तुझ्या कबुलीला कोण इचारतंय? तुझ्या कानात पडायचा त्यो पडणारच. काढू नगंस. पण एकावर थांबू नगंस आता. तिन्ही वाजू देत. आन् त्यो आई म्हणून वरडलाय, त्येबी ऱ्हाऊ दे. कळू दे त्या दोन हजार माणसांस्नी, कशावर नाचत्यात.

प्रसेनजीत : त्यांना मराठी येत नाही.

दादासो : पर भूक लागती न्हवं?

प्रसेनजीत : काकू, एक विचारू? त्याची हाक खरंच ऐकू आली नव्हती तुम्हाला? इतकं मोठ्यानं ओरडला होता.

बायडाबाई : न्हाय की. तिसरा ठोकला आन् फिरले. बारशाला उशीर झालता. वरनं परत तुमचा दंगा सुरू झाला, एवढं ऐकलं.

प्रसेनजीत : म्हणजे ते ‘झाकून ठेव’सुद्धा...

बायडाबाई : न्हाय ऐकलं. पण झाकूनच गेलते मी. वर वरवंटा ठेवलाता, मांजर येतंय म्हणून.