बाहेरून लावलेलं कुलूप

अरे, मी घरमालक झालो आणि पहिल्याच महिन्यात गुन्हा केला! दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याच्या बमरोलीच्या खोलीतले भाडेकरू काका माझ्या नव्या करारावर सही करेनात. माझं डोकं फिरलं. काका कामावर असतील असं समजून भरदुपारी जाऊन दाराला बाहेरून कुलूपच ठोकलं!

आतून आवाज आला, “कोण रे?”

काका रातपाळी करून आतच झोपले होते!

“आधी सही करा, मग उघडतो!”

“येड्या, भाडेकरूला कोंडलंस तर पोलीस तुला कोंडतील! आधी वारस म्हणून खोली नावावर कर, मग सही माग.”

घाबरून कुलूप काढलं आणि तसाच आत शिरलो. काकांनी जुना करार समोर धरला. “दादाची ही अट नव्यातही ठेव.”

खाली दादाच्या हातची ओळ होती, ‘मालकाने दार वाजवून यावं.’

मी डोळे पुसत बाहेर गेलो आणि दार वाजवलं.