गंभीर जखमी जावई

...आन् वर म्हनतात, सासऱ्यानं चारचौघांत बेइज्जती केली! मी? तुम्हाला सांगतो, अर्धापूरच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजवर सुरक्षेचं मी बघतो. तिथं थंडाव्याला अमोनिया असतो, तो गळाला तर गावानं काय करायचं, त्याची रंगीत तालीम ठेवली... नाकाला ओला रुमाल, वाऱ्याला आडवं चालायचं, बस! आता तालमीला खोटे जखमी लागतात. आमचे जावई सुदर्शनराव निलंग्याहून पाव्हणे आलेलेच होते, घेतलं त्यांलाबी. तिथंच फसलो! गंभीर जखमीला स्ट्रेचर, गाडी, तहसीलदारासोबत फोटो. किरकोळाला कापसाचा बोळा! मी शेजारच्या नरसिंगला गंभीर केलं. का? तर हलका हाय, उचलायला बरा! आन् जावई किरकोळ.

झालं! "मामा, नरसिंग स्ट्रेचरवर आन् जावई पायी?" घरी ताटाला हात लावंना. लेक आरती मुसमुसून राहिली. बायको म्हनते, "एकुलता एक जावई, त्याला जरा बेशुद्ध करता आलं न्हाई तुम्हाला?" आता तुम्हीच सांगा, वायू काय मानपान बघून येतो का?

आन् दुसऱ्याच दिवशी खरंच गळाला की हो! भोंगा झाला. व्हॉल्व्ह बंद करायला माणसं धावली, मी गाव हलवायला लागलो. काय शहाणं गाव! ओले रुमाल लावून नीट चाललेलं... छाती फुगली माझी! बघतो तर आमच्याच घरचे न्हाईत. पळालो, जीव मुठीत! घरात जावई बाजेवर मांडी घालून, माय-लेकी हात जोडून उभ्या.

"मामा, आधी सांगा. ह्या बारीला मी कोण?"

अहो, वायू काय मानपान बघून... डोळे चुरचुरायला लागले. लेकीचं तोंड बघितलं आन् खरं सांगतो, लई भ्यालो. म्हनलं, "गंभीर, जावईबापू! तुमच्याएवढं गंभीर अख्ख्या तालुक्यात कोणी न्हाई!"

तसा गडी आडवा! डोळे झाकले, एक हात खाली लोंबता सोडला!

मग काय करता? डोक्याकडून मी, पायाकडून माय-लेकी, बाजेसकट नेला केळीच्या बागेपल्याड. गळती थांबली. गावात कुणाला खरचटलंबी न्हाई. जावई उठले, चहा प्याले, म्हनले, "आता कसं, रीतीनं झालं!"

माझ्या कमरेत मात्र अशी उसण भरली... अख्ख्या अपघातात जखमी एकच, मी! आन् डॉक्टर म्हनतात, "किरकोळ हाय, अण्णाराव. चालत जा घरी."