दोन स्वतंत्र पुरावे

— नाही हो, संगणक तुम्हाला घेत नाही यात संगणकाचा काही दोष नाही. त्याच्या लेखी तुमच्या आई बासष्ट साली वारल्या आणि तुमचा जन्म चौऱ्याहत्तरचा. आई गेल्यावर बारा वर्षांनी जन्मलेली मुलगी वंशवृक्षात बसवा म्हटलं, तर कोणतंही शहाणं यंत्र हात वर करणारच — माणसं करत नाहीत, ती गोष्ट वेगळी. मागे एका गृहस्थांनी आपल्या पणजोबांना त्यांच्याच वडिलांच्या आधी जन्माला घातलं होतं, आणि वर मलाच म्हणाले, बाई, जुन्या काळी असायचं तसं. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे, ही घ्या. आणि मला ताई म्हणू नका. इथे सगळे बाई म्हणतात.

तर तुमचं म्हणणं असं, की त्या संकेतस्थळावरची नोंद खोटी आहे, आई हयात आहेत, आणि खाली वाचनकक्षात बसल्या आहेत — गुडघ्यांमुळे तीन मजले चढवत नाहीत म्हणून. बरोबर ना? लिफ्ट गेल्या महिन्यापासून बंद आहे, त्याबद्दल मी दोनदा लिहून दिलं आहे. आता नोंद कोणी केली, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, आणि ते तुम्ही वाचलंत म्हणून तर इथवर आलात. ती मीच. तुमच्या आई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या — असं तुमचं म्हणणं. म्हणणं म्हणते, कारण अजून ते म्हणणंच आहे. राग मानू नका. हा विभाग कुलवृत्तांतांचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा, इथे रोज कोणी ना कोणी कोणाचा तरी वंशज निघतो.

आत्या बासष्ट साली तापानं गेली, हे मी हवेतून काढलेलं नाही. दर शनिवारी मी इथे नवशिक्यांचा वर्ग घेते — बहुतेक निवृत्त माणसं, घरात कोणी ऐकेनासं झालं की पूर्वजांकडे वळतात — आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: दोन स्वतंत्र पुरावे हाती असल्याशिवाय कोणाला जन्माला घालू नये आणि कोणाला मारू नये. माझ्याकडे दोन होते. एक, आजोबांची वही. आजोबा मुख्याध्यापक, घरातल्या माणसांचीही हजेरी घेणारे. वहीत सगळ्यांचे जन्म, मृत्यू, देवी टोचल्याच्या तारखा, कोणाचा कोणता दात कधी पडला ते — आणि आत्याच्या नावापुढे मृत्यूच्या रकान्यात: अकरा नोव्हेंबर, सायंकाळी सहा, ताप. अक्षर मोत्यासारखं. हात थरथरल्याची खूण नाही. तेव्हा मला ते धैर्य वाटलं होतं. दोन, वर्तमानपत्र. त्या कपाटात, खालून दुसरा कप्पा, तेरा तारखेचा अंक, पान चार, निधनवार्ता. ती सापडली तेव्हा मला आनंद झाला — निधनवार्ता सापडल्याचा आनंद आमच्या धंद्याबाहेर कोणाला समजावता येत नाही. दोन्हीकडे तारीख तीच. नोंद केली, बाबांना दाखवली. ते चष्मा पुसत म्हणाले, बरोबर आहे, असंच असू दे.

बरं, निधनवार्ता देतं कोण? घरातला कर्ता माणूस. म्हणजे आजोबाच. म्हणजे एकाच माणसानं एकच गोष्ट दोनदा सांगितली — एकदा वहीला आणि एकदा गावाला. हे दोन पुरावे नव्हेत. हा एकच, जरा मोठ्यानं बोललेला. शनिवारच्या वर्गात हे तिसऱ्या तासाला येतं. ही चूक एखाद्या विद्यार्थ्यानं केली असती, तर मी त्याला सगळ्यांदेखत परत बासष्ट सालात धाडलं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान — म्हणा, तुमच्या ओठांवर आलंच आहे.

काय म्हणालात? अकरा नोव्हेंबर हा त्यांच्या लग्नाचा दिवस? नोंदणी कार्यालयात, पुलापलीकडच्या घड्याळजीशी. आणि त्यांची चिठ्ठी घरी पोचली ती संध्याकाळी सहाला. हं. म्हणजे आजोबांची तारीख अचूक होती, वेळही अचूक होती — फक्त रकाना चुकला. माझ्या दोन धाकट्या आत्यांची लग्नं व्हायची होती, मुख्याध्यापकांची मुलगी दुकानदाराचा हात धरून गेली म्हटल्यावर गावानं कुजबुज केली असती; मेलेल्या मुलीबद्दल कोणी कुजबुजत नाही. माणूस पद्धतशीर होता, एवढं मान्य करावं लागेल.

नाही, मी तेवढ्यावर थांबले नव्हते. मी नगरपालिकेचं मृत्यूचं पुस्तक पाहिलं. नव्हती नोंद. त्या काळी नोंदी नीट ठेवत नसत, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तक उत्तम स्थितीत आहे. त्या आठवड्यात पाणीपुरवठ्याचा घोडा मेला, त्याचीसुद्धा कोणीतरी नोंद केली आहे आणि मग चूक लक्षात आल्यावर पट्टीनं सरळ रेघ मारून खोडली आहे. घोड्याची नोंद आहे आणि आत्याची नाही — आणि मी पुस्तक मिटलं, आभार मानले आणि घरी गेले. हे मी तुम्हाला का सांगते आहे, कोण जाणे. तुम्ही विचारलंही नव्हतं.

संदेश? कोणते संदेश?

आले होते. तीन. संकेतस्थळावरूनच, नाव नव्हतं. त्यांनी स्वतः टंकले? एका बोटानं — बरं. पहिला आला तो बाबा गेल्यावर नवव्या दिवशी: मी जिवंत आहे, कृपया नोंद काढावी. आता असं पाहा, एवढा मोठा वंशवृक्ष उघड्यावर मांडला की चहूकडून पत्रं येतात. एक गृहस्थ तर दर वर्षी आमच्या घराण्याकडे एका तलवारीची मागणी करतात. माझ्याकडे ठरलेलं उत्तर असतं, ते मी पाठवलं: आपल्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ दोन स्वतंत्र पुरावे जोडावेत. गेल्या वर्षी दुसरा आला: पुरावा म्हणून मी स्वतः आले तर चालेल का? मी कळवलं, व्यक्तिशः उपस्थिती हा कागदपत्रांना पर्याय नाही. — तुम्ही हसताय? त्याही हसल्या होत्या? शेजारणीला वाचून दाखवलं? असं.

तिसरा चार महिन्यांपूर्वीचा. तो मला पाठ आहे. तुझ्या बाबाच्या डाव्या भुवईत आडवी खूण होती; तो सहा वर्षांचा, मी बारा; माझ्या पाटीचा कोपरा लागला; आईला आम्ही दारावर आपटल्याचं सांगितलं; खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक. एवढंच. आणि मी लिहिलं, कौटुंबिक आठवणी पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जात नाहीत. त्यातलं ग्राह्य दोनदा तपासलं, बरोबर आहे ना म्हणून. पाठवलं. आणि चहा केला.

खरं सांगायचं तर — नको, राहू दे. सांगते. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला त्या खुणेची गोष्ट सांगितली होती. पाटी, दार, आईला मारलेली थाप, सगळं. ताईनं मारली होती, म्हणाले. म्हणजे एकच गोष्ट, दोन माणसांकडून, चव्वेचाळीस वर्षांच्या अंतरानं, एकमेकांना न विचारता. याहून स्वतंत्र पुरावे मला या इमारतीत कधी मिळालेले नाहीत. मला त्या क्षणी कळलं होतं. चहा मी कळल्यावर केला.

का म्हणजे? ती जिवंत असेल तर बाबा माझ्या तोंडावर खोटं बोलले, याच टेबलाशी, चष्मा पुसत. आजोबांचं मला काही नाही, ते माझ्या जन्माआधीचे. पण बाबा. आणि दुसरं — मेलेली आत्या सोपी असते. ती विचारत नाही, की तू एवढी शोधाशोध करणारी, पुलापलीकडे कधी का नाही आलीस? — बाबांनी वचन दिलं होतं? आजोबांना, मरताना, की घरात तिचं नाव काढणार नाही? आजोबा जाऊन पंचावन्न वर्षं झाली हो. पण बाबांनी दिलं म्हणजे दिलं, तो प्रकार मला माहीत आहे.

द्या तो कागद. हयातीचा दाखला, निवृत्तिवेतनासाठी. टेलिफोन खात्यात होत्या? शिक्का आहे, सही आहे, तारीख या महिन्याची. सरकारच त्यांना जिवंत मानतं आहे, तेव्हा मी अडवून धरण्यात अर्थ नाही. हे बघा, मृत्यूची तारीख खोडली. आता जतन. — घाबरू नका, नाव गेलं ते नियमाप्रमाणे. हयात माणसाची माहिती संकेतस्थळ झाकून टाकतं. चौकटीत फक्त हयात व्यक्ती एवढंच राहतं. इतकी वर्षं मेलेल्या होत्या तोवर नाव, जन्म, ताप, सगळं जगजाहीर होतं. तुमची चौकट त्यांच्याखाली जोडली. तीही रिकामीच दिसेल, तुम्हीही हयात आहात. छापील प्रत देऊ का? त्यात वाचण्यासारखं काही नाही. झालं, जाऊन सांगा त्यांना.

मी कशाला खाली? नोंद सुधारली, यापुढे मी करण्यासारखं काही उरत नाही. — नोंदीसाठी आल्याच नाहीत? मग?

बाबा कसे गेले, ते विचारायला.

म्हणजे तुमच्याकडे ते — महिन्याच्या पहिल्या रविवारी. कधीपासून? तुम्हाला आठवतं तेव्हापासून. मामा म्हणायचात तुम्ही त्यांना. साहजिक आहे, मामाच. अहो, पहिल्या रविवारी बाबांचं घड्याळ बिघडायचं. एकच घड्याळ, दर महिन्याला, आणि पुलापलीकडचा एकच माणूस ते दुरुस्त करू शकायचा. माझी आई चिडवायची, की एवढ्या पैशांत नवीन तीन आली असती. मला, संशोधक बाईला, त्यात कधी काही पाणी मुरताना दिसलं नाही. आणि शेवटचे सात महिने ते आले नाहीत. तुम्हाला कोणी कळवलं नाही. दर पहिल्या रविवारी त्या दुकानात बसून राहायच्या, आणि आठव्या महिन्यात वर्तमानपत्रात चार ओळी वाचल्या. त्या ओळी मी दिल्या होत्या. शब्द मोजून.

सात महिने ते अंथरुणात होते. आवाज गेला होता, पण मनगट पुढे करायचे. घड्याळाकडे बोट दाखवायचे, मग खिडकीकडे. मी ते घड्याळ कानाला लावायची आणि म्हणायची, बाबा, चालतंय की. एक मिनिटाचाही फरक नाही. ते पुन्हा बोट दाखवायचे. मी त्यांना पुन्हा वेळ सांगायची.

नाही, पाणी नको. वाचनकक्षात त्या कुठे बसल्यात, खिडकीशी की दाराशी? असू दे, तिथे आणखी कोण असणार या वेळी. तुम्ही येऊ नका बरोबर. हे मला एकदाच सांगता येईल, आणि तेही तुमच्यासमोर येणार नाही. इथेच बसा. कोणी आलं तर विभाग बंद आहे म्हणावं.