रांगेतल्या चपला

माझ्या धाकट्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षी एका सोमवारी सकाळी मी ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे कोलशेतची कोळीण सगुणा आणि ठाकुर्लीचे कुंडलिक होते. कुंडलिकांची बायको भीमाबाई मागे बाकावर आडवी झाली होती.

"दादा, तू वहिनीजवल जाऊन बस. तिच्या चपला ठेव रांगेत," सगुणा कुंडलिकांना म्हणाली.

"त्या पुढे कोण सरकवणार, ताई?"

"मी हाय ना. रोज म्हावऱ्याची पाटी उचलतंय, चपलांचं काय वझं?"

मागून एक तरुण म्हणाला, "ओ मावशी, चपलेला कसला नंबर?"

"तुला ताप आला का तुझ्या पण सरकवीन. गप उभा ऱ्हा."

रांग पुढे गेली. चपला दारापाशी पोचल्या.

"दादा, आता आपलाच नंबर. उठव तिला."

"झोपलीय."

"हाक मार ना जोरान."

"मारली, ताई. चपला बाजूला घ्या. मागच्यांना जाऊ द्या."

"मी नाय जात, काका," तो तरुण म्हणाला. "मी डॉक्टरांनाच बाहेर बोलावतो."

भीमाबाई त्याच सोमवारी, दुपारच्या आत, बाकावर वारल्या.