बाबांच्या झावळ्या

तुम्ही घराच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलंय म्हणून आठवलं. सातिवलीला आमचं बैठं घर होतं. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड बसायची आणि आत ओल यायची. म्हणून दर मे महिन्यात माझे बाबा आगाशीहून, माझ्या माहेरून, आपल्या वाडीतल्या नारळाच्या झावळ्या टेम्पोत घालून आणायचे, भिंतीला बाहेरून बांधायचे आणि चांगले दोन दिवस राहायचे.

माझ्या नवऱ्याला वाईट वाटायचं. "या वयात शिडीवर चढतात गं ते!" म्हणून आम्ही भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफ प्लास्टर करून घेतलं. भिंत खडखडीत कोरडी झाली.

पुढच्या मे महिन्यात बाबा आलेच नाहीत. मी फोन केला, "बाबा, कधी येताय?"

"आता कशाला?" ते म्हणाले. "काम नसताना लेकीच्या घरी राहायला कसं यायचं, बाय?"